कुसाबाईची सात कामं

माझी सासू कुसाबाई कुणावर दया करायला लागली की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, भांडण चाललंय. भाकरी हातात ठेवायची ती आदळून. पाणी द्यायची ते "आधी तोंड धू, डुकरा," म्हणून. नाशिकरोडला जेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं घर होतं. त्या रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी माणसांनी तिच्या हातचं खाल्लं आणि तिच्या तोंडचं ऐकलं. एकतीस साली लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, ही बाई सगळ्या जगाचा तिटकारा करते. पुढं कळलं की मला बरोबरच वाटलं होतं. पण त्या तिटकाऱ्यानं तिचे हात कधी थांबले नाहीत.

ती मूळची नगरकडची. दुष्काळात आईबापाबरोबर मिशनच्या दारात आली, तिथंच बाप्तिस्मा झाला आणि तिथंच तिनं धर्माची प्रश्नोत्तरं पाठ केली. अक्षर ओळखायची नाही, पण दयेची सात कामं झोपेत विचारली तरी सांगायची. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची सेवा, कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. देवळातल्या बाकीच्या बायका हे डोळे मिटून पुटपुटायच्या. सासूनं ते दळण, पाणी, धुणं यांच्या रांगेत नेऊन बसवलं. काम आहे, मग करायचं. जातं ओढायला तरी कुणाला आवडतं?

माझा सासरा सावळीराम रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होता. मी त्याला पाहिलं नाही. सत्तावीस साली पगाराच्या दिवशी गँगमधली माणसं दारू प्यायला बसली. सावळीराम आणि मंगळू यांच्यात बाचाबाची झाली आणि मंगळूनं टिकावाचा दांडा सासऱ्याच्या डोक्यात घातला. भांडण कशावरून झालं ते शुद्धीवर आल्यावर कुणालाच सांगता येईना. हा मंगळू कळवणकडच्या एका खेड्यातला. त्याला सक्तमजुरी झाली आणि शेवटची वर्षं त्यानं आमच्याच रस्त्यावरच्या जेलात काढली. म्हणजे सासू ज्या भिंतीसमोर टोपली घेऊन शिपायांना झुणका-भाकर विकायची, त्याच भिंतीच्या आत तिच्या नवऱ्याला मारणारा बसलेला होता. तिला ते ठाऊक होतं. तिनं जागा बदलली नाही.

टोपलीतल्या दोन-तीन भाकरी ती विकायची नाही. त्या सुटून येणाऱ्यांसाठी. जेलातून सकाळी माणूस सुटायचा, बाहेर यायचा आणि रस्त्यावर उभा राहून डावीकडे बघायचा, मग उजवीकडे बघायचा. कुठं जायचं ते ठाऊक नसायचं. मग सासू हाक मारायची, "ए ठोंब्या, इकडं ये."

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत. त्या वेळी सत्याग्रही सुटत होते. नाशिकहून टांगे भरभरून माणसं आली होती, हातात झेंडूचे हार, तोंडात जयजयकार. दार उघडलं, एकेक जण बाहेर यायला लागला, की गळ्यात हार पडायचे. त्या रांगेतून एक खुजा, दाढी वाढलेला माणूस आला. त्याच्याही गळ्यात कुणीतरी हार घातला. त्यानं भांबावून हात जोडले. एका टोपीवाल्या वकिलानं त्याचे खांदे धरून विचारलं, "आपण कुठल्या सत्याग्रहात होता?"

"मी शेळ्यांच्या केसमध्ये, साहेब," तो म्हणाला.

वकिलाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं त्या माणसाच्या गळ्यातला हार काढला, झटकला आणि मागून येणाऱ्या दुसऱ्याच्या गळ्यात घातला. लोक हसले. देशासाठी तुरुंगात गेलेल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्या हार आणणाऱ्यांबद्दल तेव्हापासून नाही. फुलं काय बाटली होती?

शेळीचोर बाजूला सरला तशी सासूची हाक आलीच. तो येऊन टोपलीपाशी बसला.

"शेळी चोरलीस?"

"हो, मावशी."

"आणि सापडलास? शेळी ओरडती एवढं बी ठावं नव्हतं तुला? कोंबडी तरी चोरायची, मान दाबता येती. खा. आणि पुन्हा ह्या रस्त्याला तोंड दाखवू नको."

तो खात होता आणि ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. खाऊन झाल्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले. "माझ्या पायाला हात लावू नको. ते हात शेळ्यांना लागलेत."

देवळात आमच्या गोटीराम मास्तरांना हे पसंत नव्हतं. मास्तर म्हणजे धर्मशिक्षण देणारे. परदेशी फादर देवळालीहून सायकलवर यायचे, ते महिन्यातून दोनदाच, त्यामुळं बाकीचे दिवस देवळाचा कारभार मास्तरांकडे. त्यांनी स्वतःचं नाव ग्रेगरी करून घेतलं होतं आणि कुणी गोटीराम म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. सासू त्यांना लहानपणापासून ओळखत होती, त्यामुळं ती गोटीरामच म्हणायची, आणि सगळ्यांदेखत. मास्तर दयेवर बोलायला उभे राहिले की मेणबत्ती विझेपर्यंत बोलायचे. सातही कामं बोटांवर मोजून दाखवायचे. बोटं अगदी स्वच्छ होती त्यांची. कधी कुणाच्या जखमेला लागलेली मी तरी पाहिली नाहीत.

"कुसाबाई," ते तिला एकदा म्हणाले, "दान देताना वाणी मृदू असावी. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शिव्या शोभत नाहीत."

"गोटीराम," सासू म्हणाली, "तू ये उद्या गेटवर. भाकरी मी देते, वाणी तू दे."

मास्तर आले नाहीत.

तेहतीस सालच्या हिवाळ्यात, नाताळ तोंडावर आला असताना, समोरचा नजीर आमच्या दारात येऊन उभा राहिला. नजीर जेलवर शिपाई होता, भला माणूस, आणि त्याची बायको जैतुनबी सासूची एकुलती एक मैत्रीण. दोघी एकमेकींना शिव्या द्यायच्या, म्हणून मैत्रीण म्हणायचं.

"कुसामावशी," नजीर म्हणाला, "येत्या शुक्रवारी मंगळू सुटतोय. त्या दिवशी तुम्ही गेटवर नका येऊ."

सासू बाजरीचं पीठ मळत होती. हात थांबला नाही. "का? शुक्रवारी शिपायांना भूक लागत नाही व्हय?"

"मावशी, मी काय म्हणतोय ते तुम्हाला समजतंय."

"समजतंय. जा तू."

माझा नवरा सायमन आत खाटेवर होता. बापाच्या जागी त्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून घेतलं होतं. तो उठून बाहेर आला. त्याचा राग मोठा नव्हता कधी. बोलायचा तेव्हा आवाज उलट बारीक व्हायचा.

"आये, शुक्रवारी तू जाणार?"

"रोज जाते."

"त्याला भाकरी देणार?"

"भुकेला असंल तर देईन. नसंल तर कशाला देऊ?"

"बाप होता तो माझा."

"माझा बी नवरा होता. तू दहा-पंधरा वर्षं पाहिलास त्याला. मी त्याच्या आधीपासून सोसलाय."

सोसलाय हे खरंच होतं. सावळीराम प्यायचा आणि मारायचा. तिच्या डाव्या मनगटाचं हाड त्यामुळं वाकडं बसलं होतं. आळीतल्या बायकांनी लगेच हिशेब मांडला, की नवऱ्याच्या तावडीतून सोडवल्याबद्दल कुसाबाई मंगळूला भाकरी खाऊ घालणार. सखुबाई नावाची एक शेजारीण हे पाण्याच्या नळावर सगळ्यांसमोर बोलली. सासूनं हंडा खाली ठेवला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तो चांगला होता का वाईट, हे माझं मी बघत होते. मंगळूला कुणी विचारलं होतं? आणि तुला तरी कुणी विचारलं?" सखुबाई हंडा अर्धाच भरून गेली.

मास्तरांना वेगळंच सुचलं. ते गुरुवारी आले, आमच्या ओट्यावर रुमाल पसरून त्यावर बसले आणि म्हणाले, "कुसाबाई, ही फार मोठी संधी आहे. नाताळाच्या मिस्सेच्या प्रार्थनेला फादर असतील, देवळालीची मंडळी असतील. त्या मंगळूला आपण देवळात आणू. तू सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घे आणि 'मी तुला क्षमा केली' असं म्हण. बाकी मी बोलेन."

"तू काय बोलशील?"

"क्षमेवर बोलेन."

"तुझ्या बापाला कुणी मारलंय?"

"माझ्या वडिलांना? नाही."

"मग तू काय बोलणार, कप्पाळ? ऊठ. रुमाल घेऊन जा."

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेले. तिला सांभाळायला नव्हे. आळीत सगळ्यांना बघायचं होतं आणि मला सगळ्यांच्या आधी बघायचं होतं, इतकं साधं होतं ते.

दारातून तो आला तेव्हा मी ओळखलं नसतं. दांडा घालून माणूस मारणारा म्हणजे कुणी धिप्पाड असेल असं माझ्या डोक्यात होतं. हा वाळक्या शेंगेसारखा. खोकत खोकत आला, भिंतीला हात लावून उभा राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग समोर बघितलं. सासूला त्यानं लगेच ओळखलं. पाय वळवले, पण पळायचं बळ नव्हतं.

"इकडं ये," सासू म्हणाली. ठोंब्या म्हणाली नाही.

तो आला. टोपलीपासून लांबच उकिडवा बसला. तिनं भाकरीवर झुणका घातला आणि हात पुढं केला.

"घे. विष घातलेलं नाही. घालायचं मनात आलं होतं, पण मग परत भाकरी करायला लागली असती."

त्यानं भाकरी घेतली, पण तोंडाशी नेईना. "वहिनी—" एवढंच म्हणाला.

"वहिनी म्हणू नको," सासू म्हणाली. "ज्याच्यामुळं वहिनी होते त्याला तू मारलास. खा."

त्यानं खाल्लं. खाताना रडत होता आणि रडताना खोकत होता. नाकाचं पाणी झुणक्यात पडत होतं. मला किळस आली. सासू त्याच्याकडे बघतही नव्हती. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती. संपल्यावर त्यानं बोटं चाटली, उठला आणि नाशिकच्या दिशेनं चालू लागला. कळवणची गाडी तिकडूनच निघायची.

मला वाटलं, संपलं. पण संक्रांत झाल्यावर तो परत आला. गावी बायको केव्हाच दुसऱ्याच्या घरात नांदत होती. भावानं घरात घेतलं नाही. गोठ्यात झोपू दिलं आणि खोकल्यातून रक्त पडलेलं दिसल्यावर तिथूनही हाकललं. म्हणून तो जिथून सुटला होता तिथंच आला. जेलाच्या वळणावरच्या लिंबाखाली पोतं पांघरून पडायचा. सुटलेल्या माणसाला जेलात परत घेत नाहीत, नाहीतर त्यानं तेही मागितलं असतं.

सासू दोन-तीन दिवस येता-जाता त्याला शिव्या देऊन भाकरी टाकत राहिली. मग एका दुपारी नजीरला घेऊन गेली आणि दोघांनी त्याला धरून आमच्या घरामागच्या शेळीच्या छपरात आणून झोपवलं. आमची शेळी सोडून पुढच्या दारात बांधली. जैतुनबीनं एक गोधडी दिली आणि ती देताना म्हणाली, "कुसा, तू पागल झालीस." सासू म्हणाली, "गोधडीला ढेकूण हायेत का ते सांग आधी."

सायमन कामावरून आला. छपराकडे बघितलं. त्या बारीक आवाजात म्हणाला, "आये, तो इथं राहिला तर मी राहणार नाही."

"मग कुठं राहशील?"

"गँगच्या खोलीवर."

"बरं. पांघरूण घेऊन जा, थंडी हाय."

तो माझ्याकडे वळला. "चल, अंबू."

मी गेले नाही. सासूच्या प्रेमापोटी नव्हे. गँगच्या खोलीत पाच-सहा पुरुष बिड्या ओढत पडायचे, तिथं मी कुठं झोपू? सायमन एकटा गेला आणि दुसऱ्याच दिवशी जेवायला परत आला. नवरा मोठा बाणेदार, पण डबा कोण करून देणार? तो यायचा, मागच्या दाराकडे पाठ करून जेवायचा आणि निघून जायचा. मधे छपरातून खोकला ऐकू आला की घास थांबायचा.

मंगळूचं सगळं सासूनं केलं. गाडग्यातलं थुंकी-रक्त टाकायचं, त्यात राख घालायची, अंग पुसायचं, चादर उकळायची. मला ती जवळ जाऊ द्यायची नाही. "तू लांब राहा. तुला पोरंबाळं व्हायचीत. मला आता काय व्हायचं राहिलंय?" हे ती मायेनं म्हणाली असेल, पण ऐकताना हाकलल्यासारखंच वाटलं.

फेब्रुवारीत मास्तर पाहुणे घेऊन आले. देवळालीच्या दोन बायका, मोठ्या ठेकेदारांच्या, टांग्यातून उतरल्या. एकीच्या हातात काचेच्या चौकटीत बसवलेली संताची तसबीर. मास्तर वाटेतच त्यांना सांगत आले होते बहुतेक, कारण त्यांचे डोळे आधीच ओले होते.

"हीच ती," मास्तर म्हणाले. "पतीच्या मारेकऱ्याला जिनं आपल्या उराशी धरलं."

"उराशी कुणी धरलंय?" सासू म्हणाली. "शेळीच्या जागेत टाकलाय."

पाहुणीनं तसबीर पुढं केली. "हे रोग्याच्या उशाशी ठेवा हं."

"बाई, त्याला खाली घालायला कांबळं नाही. ह्याच्यावर झोपवू का त्याला?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मास्तरांना घाम फुटला. तेवढ्यात आतून मंगळूला उबळ आली. सासू आत गेली आणि गाडगं घेऊन बाहेर आली, वर राख नव्हती घातलेली. ते तिनं सरळ मास्तरांच्या हातात दिलं. "घे गोटीराम. सातातलं एक आलंय तुझ्या वाट्याला. तिकडं खड्ड्यात ओत."

मास्तरांनी गाडगं धरलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. मग आत काय आहे ते बघितलं आणि तसंच खाली ठेवून रस्त्याकडे धावले. बायका टांग्यात चढल्या. तसबीर ओट्यावरच राहिली. इतकं मनापासून हसल्याचं मला त्या घरातलं दुसरं आठवत नाही. सासू मात्र हसली नाही. ती गाडगं उचलून खड्ड्याकडे गेली.

ही गोष्ट फादरांच्या कानावर गेली असणार. ते पुढच्या खेपेला आमच्याकडे आले, सायकल भिंतीला लावून आधी छपरात गेले. बराच वेळ आत बसले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या झग्याला शेळीच्या लेंड्या लागल्या होत्या आणि त्यांनी त्या झटकल्या नाहीत. म्हणून त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

"कुसाबाई," ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "तू त्याला क्षमा केली?"

"नाही, फादर."

"मग हे सगळं?"

"हे काम हाय. क्षमा कुठं हाय ह्या सातात?"

"दुसरे सात आहेत. आत्म्याचे. त्यात आहे."

"ते शिकलेल्यांचं. ते गोटीरामला द्या."

फादर हसले नाहीत. "नाही. ते तुलाच," एवढंच म्हणाले आणि गेले. सासू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चिडलेली होती. भांडी आपटत होती. मला म्हणाली, "परदेशातनं यायचं, दोन पायांवर उभं राहायचं आणि आणखी सात सांगायची."

त्यानंतर थोड्या दिवसांनी मंगळूनं खाणं सोडलं. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तोंड फिरवायचा. सासू ओरडली, "आता कसला माज? जेलातली कांजी गिळत होतास ना?"

मी दारात उभी होते. तो हळू बोलला, पण मला ऐकू आलं. "वहिनी, तुमची भाकर गोड असती. पण तिच्याबरोबर जे येतं ते घशातनं उतरत नाय. मला भाकर द्या नायतर शिव्या द्या. दोन्ही नका करू."

सासूनं वाटी खाली ठेवली. बाहेर आली आणि चुलीपुढं बसली. मग परत आत गेली, त्याच्या तोंडाशी चमचा धरला, आणि गप्प राहिली. त्यानं घास घेतला. दुसऱ्या दिवशीही ती गप्प. तिसऱ्या दिवशीही. त्या बाईला ओळखणाऱ्यालाच कळेल की चादरी उकळणं त्यापेक्षा सोपं होतं. शिवी तोंडाशी आली की ती ओठ दाबायची, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि बाहेर येऊन ती सगळी बिचाऱ्या शेळीला ऐकवायची.

आठवडाभरात मंगळूच म्हणाला, "वहिनी, कायतरी बोला. तुम्ही गप बसता तर मला भ्या वाटतं."

"काय बोलू, मुडद्या?" सासू म्हणाली.

तो हसला. पहिल्यांदाच हसताना बघितला मी त्याला. पुढचे दात नव्हते. मग ती पुन्हा बोलायला लागली, त्याच शिव्या, तोच आवाज. त्यात काही फरक पडला होता का, ते लोक मला नंतर विचारायचे. मला सांगता येत नाही. एक मात्र खरं, की तो 'वहिनी' म्हणायचा आणि ती आता त्याला अडवत नव्हती.

होळीच्या आधी त्याचं अगदी शेवटचं आलं. तेव्हा तिनं त्याला विचारलं, जसं एखाद्याला चहा घेणार का विचारावं, "जाळू का पुरू तुला?"

"लाकडं कोण आणणार?" तो म्हणाला. "पुरा."

"बरं."

"वहिनी, त्या दिवशी सावळीदादा मला—"

"गप," ती म्हणाली. "ते ऐकायला मी बसलेली नाही. काय झालं ते तू तुझ्या देवाला सांग. मला फक्त पाणी किती पाहिजे ते सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. ती त्याला पाणी पाजत होती, पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि मला हाक मारली.

कळवणला निरोप पाठवला, भाऊ आला नाही. मास्तरांकडे ख्रिस्ती दफनभूमीत जागा मागितली, तर ते दारातूनच म्हणाले, "बाप्तिस्मा नाही, शिवाय खुनी. कसं चालेल?" फादर देवळालीहून येईपर्यंत थांबायची सोय नव्हती, ऊन वाढलं होतं. सासूनं मास्तरांशी वाद घातला नाही. नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं त्यांच्याकडे. मी मास्तर असते तर त्यापेक्षा शिव्या पत्करल्या असत्या.

दारणा नदीच्या वाटेवर, जिथं बेवारस माणसं पुरायचे, तिथं ती स्वतः कुदळ घेऊन गेली. वाकडं मनगट, साठीकडे झुकलेलं वय, आणि जमीन मुरमाड. माणसं जमली होती बघायला, पण कुणी हात लावेना. आमची आळी बघायला नेहमीच तयार असायची. सायमन कामावरून येत होता, त्यानं वाटेवरूनच पाहिलं. तो आला, आईच्या हातातली कुदळ ओढून घेतली आणि म्हणाला, "लोकांना तमाशा दाखवतेस?" मग त्यानं खड्डा खणला. खणताना सतत शिव्या देत होता, मंगळूला, आईला, जमिनीला. आवाज बारीक नव्हता त्या दिवशी. आईसारखाच होता. नजीर आणि त्याच्या ओळखीचे दोन शिपाई मंगळूला घेऊन आले, जैतुनबीच्या गोधडीत गुंडाळून.

सासूनं 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली, मूठभर माती टाकली आणि "हं, झालं" म्हणून हात झटकले. सायमननं माती ओढली. बघे घरी गेले. पुढच्या मिस्सेला फादरांनी मास्तरांना काय सुनावलं ते कुणाला कळलं नाही, पण मास्तरांच्या कानाच्या पाळ्या पुढचे कितीतरी दिवस लाल होत्या.

त्या संध्याकाळी सायमन घरी राहिला. मी छपर झाडून शेळी परत आत बांधली. तो मागच्या दाराकडे तोंड करून जेवायला बसला. सासूनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि समोर पाय पसरून बसली. फोड आलेल्या हातानं त्याला घास मोडता येत नव्हता, तर तिनं भाकरी ओढून घेतली आणि कुस्करून परत ताटात टाकली.

"आये," तो म्हणाला, "बापाची आठवण येते का तुला?"

"रोज," ती म्हणाली. "कधी बरी येती, कधी वाईट. जेव."